कंपनीने टीडीएस कापला पण भरला नाही आणि डिमांड माझ्या नावावर: आयकर खात्यात नक्की कोणाकडे जायचं?

आधी तुमचा प्रश्न थोडक्यात परत मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. २०२२-२३ ला तुम्ही पुण्यात एका छोट्या कंपनीत होता, पगारातून दर महिन्याला ६,४०० रुपये टीडीएस (पगार हातात यायच्या आधीच कापला जाणारा आयकर) कापला जायचा, स्लिपवर तसं स्पष्ट आहे. नंतर कंपनीला टाळं लागलं, फॉर्म १६ (कापलेल्या कराचं कंपनीने द्यायचं प्रमाणपत्र) मिळालाच नाही, म्हणून तुम्ही जुलै २०२३ मध्ये स्लिपांवरून रिटर्न भरला आणि बारा महिन्यांचा टीडीएस क्लेम केला. २६एएस मध्ये, म्हणजे तुमच्या पॅनवरच्या कराच्या नोंदींच्या उताऱ्यात, एप्रिल ते सप्टेंबर दिसतोय, ऑक्टोबर ते मार्च कोरं. नोव्हेंबरात कलम १४३(१) चं इंटिमेशन (रिटर्न तपासल्यावर येणारं पत्र) आलं, साधारण ४३,४०० ची डिमांड म्हणजे भरायची थकबाकी, आणि आता तुमचा ११,७०० चा नवा रिफंड त्यातच वळता करून घेतला. आयकर ऑफिसात गेलात तर सांगितलं सीपीसीला (रिटर्न तपासणारं केंद्र) विचारा, सीपीसीच्या हेल्पलाइनने सांगितलं तुमच्या असेसिंग ऑफिसरला (तुमच्या कराचं काम बघणारा अधिकारी) भेटा. आणि तुम्ही वैतागून विचारताय की हे खातं चालतं तरी कसं, आणि एकच कर मी दोनदा भरायचा का.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर एका शब्दात देतो, नाही. पहिल्याला जरा वेळ लागेल, पण तुमची सुटका त्यातच आहे, तेव्हा वाचा.

बहुतेकांच्या डोक्यात असं असतं की आयकर खातं म्हणजे एक ऑफिस, तिथे आपली एक फाइल आणि त्या फाइलवर बसलेला एक साहेब. तसं आता राहिलेलं नाही. सगळ्यात वर सीबीडीटी म्हणजे केंद्रीय प्रत्यक्ष कर बोर्ड, १९६३ च्या कायद्याने १ जानेवारी १९६४ ला झालेलं, अर्थ मंत्रालयाच्या महसूल विभागाखाली. ते परिपत्रकं काढतं, धोरण ठरवतं, तुमची केस त्यांच्यासमोर कधी जात नाही. (जीएसटी, कस्टम्सवालं बोर्ड वेगळं, सीबीआयसी. लोक दोन्ही एकत्र करतात आणि भलत्याच ठिकाणी तक्रार टाकतात.) बोर्डाच्या खाली तुमच्या कामाचे तीन दरवाजे आहेत. एक बेंगळुरूचं सीपीसी, जिथे रिटर्न कॉम्प्युटर तपासतो. दुसरा टीडीएसचा विभाग, त्यांचं स्वतःचं सीपीसी गाझियाबादजवळ वैशालीला आहे, टीडीएसच्या नोंदींचं ट्रेसेस पोर्टल त्यांचंच, आणि कंपन्यांच्या टॅन नंबरवर (कर कापणाऱ्याला मिळणारा नंबर) लक्ष ठेवणारे टीडीएस ऑफिसर शहराशहरात बसलेत. तिसरा तुमचा असेसिंग ऑफिसर, एओ, जो तुमच्या पॅनवरून ठरतो.

आता गंमत बघा. तुम्हाला डिमांड पाठवली बेंगळुरूने, ती वसूल करायची जबाबदारी तुमच्या पॅनच्या एओची, आणि ज्या कंपनीने पैसे खाल्ले तिला विचारायचा अधिकार टॅनवाल्या टीडीएस ऑफिसरचा. या तिघांची भेट कागदाशिवाय कुठे होत नाही. तुम्ही एका दारात उभं राहून दुसऱ्या दारातलं काम मागितलं की टोलवाटोलवी सुरू. ऑफिसातला माणूस खोटं बोलत नव्हता आणि हेल्पलाइनवालीही नाही, दोघांनी आपापल्या हद्दीपुरतं बरोबरच सांगितलं.

कर गोळा कसा होतो तेही समजून घ्या, कारण सगळी गोम तिथेच आहे. बोर्डाच्याच आकडेवारीप्रमाणे २०२३-२४ मध्ये निव्वळ प्रत्यक्ष कर साधारण १९.६ लाख कोटी जमला आणि गोळा करायचा खर्च आला ०.४४ टक्के, म्हणजे शंभर रुपयांमागे ४४ पैसे. एवढं स्वस्तात कसं जमतं, तर गोळा करायचं बरंचसं काम खातं स्वतः करतच नाही, तुमची कंपनी, बँक, भाडेकरू, कंत्राट देणारा असे सगळे फुकटात करतात. कलम १९२ खाली कंपनीने पगारातून कर कापायचा, पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत भरायचा, मार्चचा ३० एप्रिलपर्यंत, आणि दर तिमाहीला २४क्यू नावाचं विवरणपत्र टाकायचं, ज्यात कोणाच्या पॅनवर किती हे असतं. त्या विवरणपत्रातून तुमचं २६एएस बनतं. म्हणजे कंपनी ही सरकारची कंडक्टर झाली. तुम्ही कंडक्टरला पैसे दिले, तिकीट घेतलं, आता त्याने ते डेपोत भरले नाहीत म्हणून चेकरने तुमच्याकडून परत मागायचे का? कायदा म्हणतो नाही. पण बेंगळुरूच्या कॉम्प्युटरला तुमचं तिकीट दिसतच नाही, त्याला फक्त डेपोतली जमा दिसते.

इंटिमेशनची पीडीएफ उघडा, त्यात दोन रकाने शेजारी शेजारी आहेत, एकात तुम्ही भरलेला आकडा, दुसऱ्यात १४३(१) खाली काढलेला. उत्पन्नाच्या ओळी सगळ्या जुळतील. खाली टीडीएसच्या ओळीला या, डावीकडे ७६,८०० आणि उजवीकडे ३८,४०० दिसेल. फरक ३८,४००, म्हणजे बरोबर सहा महिन्यांचे. मग डिमांड ४३,४०० कशी? टीडीएस धरलाच नाही म्हटल्यावर कॉम्प्युटरच्या लेखी तुम्ही ॲडव्हान्स टॅक्स (वर्ष चालू असतानाच भरायचा कर) बुडवलात, म्हणून कलम २३४बी आणि २३४सी चं व्याज आपोआप चढलं. त्यात कोणी तुमच्यावर संशय घेतलेला नाही, चौकशी लागलेली नाही, स्क्रुटिनी म्हणजे रिटर्नची सखोल तपासणी ही वेगळी भानगड, तिची नोटीस १४३(२) ची असते. हा नुसता वजाबाकीचा कागद आहे. पण दुर्लक्ष केलंत तर ३० दिवसांनंतर २२०(२) खाली महिन्याला एक टक्का व्याज सुरू होतं, तेही तुमच्या नावावर वाढतंय.

आता कायदा. १९६१ च्या आयकर कायद्यातलं कलम २०५ सांगतं की उत्पन्नातून जेवढा कर कापला गेलाय तेवढा करदात्याकडून परत मागता येणार नाही. कापला गेलाय, भरला गेलाय असं नाही, हे नीट बघा. मुंबई हायकोर्टाने २००७ मध्ये पगारातल्या टीडीएसच्याच प्रकरणात हे स्पष्ट केलं, खात्याने वसुली करायची ती कंपनीकडून, नोकरदाराकडून नाही. बोर्डाने स्वतः १ जून २०१५ च्या पत्रात आणि परत ११ मार्च २०१६ च्या ऑफिस मेमोरँडममध्ये आपल्या अधिकाऱ्यांना हेच बजावलं की अशी डिमांड सक्तीने वसूल करू नका. २०२१ मध्ये गुजरात हायकोर्टाने बंद पडलेल्या विमान कंपनीच्या एका पायलटला याच मुद्द्यावर दिलासा दिला, आणि २०२३ ला दिल्ली हायकोर्टाने पुढे जाऊन म्हटलं की पुढच्या वर्षाच्या रिफंडातून वळतं करणं हीसुद्धा मागच्या दाराने वसुलीच आहे, तेही चालणार नाही. तुमचे ११,७०० नेमके यात बसतात. दिल्लीचा निकाल पुण्याच्या अधिकाऱ्यावर बंधनकारक नाही पण दाखवायला उत्तम, मुंबईचा मात्र बंधनकारक.

मग एवढं सगळं बाजूने असताना डिमांड उभी का राहते? कारण कलम १९९ म्हणतं क्रेडिट मिळणार ते सरकारकडे जमा झालेल्या कराचं. म्हणजे एका कलमाने क्रेडिट देता येत नाही आणि दुसऱ्या कलमाने वसुली करता येत नाही, आणि मधल्या फटीत तुमची डिमांड लटकते. सिस्टीममध्ये ‘क्रेडिट नाही पण वसूलही करू नका’ असं आपोआप होणारं बटण नाही, ते माणसाने करावं लागतं, आणि तो माणूस म्हणजे तुमचा एओ. इतक्या वर्षांच्या प्रॅक्टिसनंतर माझं मत असं की या प्रकरणात अर्धी लढाई योग्य दार ओळखण्यात आहे, कलमं नंतर.

पण थांबा, सगळं परिस्थितीवर अवलंबून आहे आणि तुमची परिस्थिती मला स्क्रीनवरून पूर्ण दिसत नाहीये. कंपनीने पैसे भरले पण तिमाहीचं विवरणपत्रच टाकलं नाही असं असू शकतं. विवरणपत्र टाकलं पण तुमचा पॅन चुकवला, मग तुमचे ३८,४०० दुसऱ्या कोणाच्या २६एएस मध्ये बसलेत. या दोन्हींत कंपनीचा जुना अकाउंटंट किंवा सीए सापडला तर दुरुस्ती विवरणपत्र टाकून काम होतं, आणि तो सगळ्यात सोपा मार्ग. पण ही खिडकी कायम उघडी नसते, आधी कितीही वर्षं मागे जाता यायचं, मग सहा वर्षांची मर्यादा आली आणि नव्या कायद्यात ती दोन वर्षांवर आणलीय, म्हणून तुमच्या वर्षासाठी अजून टाकता येतं का हे ट्रेसेसवर त्यांना आधी बघायला सांगा. तिसरी शक्यता म्हणजे कापले आणि खाल्ले, जी मला तुमच्या केसमध्ये जास्त वाटते. आणि चौथी, जी कोणाला ऐकायला आवडत नाही, की कंपनीने त्या सहा महिन्यांत कापलेच नाहीत. ऑक्टोबरपासून हातात येणारा पगार ६,४०० ने वाढला होता का हे बँक स्टेटमेंटला बघा. वाढला असेल तर २०५ विसरा, कापलाच नाही तर कर तुम्हीच द्यायचा, तो द्या आणि मोकळे व्हा. पगारच अर्धवट मिळाला असेल तर आणखी वेगळा हिशोब.

समजा कापले आणि खाल्ले. मग सगळ्यात आधी एक गोष्ट बंद करा, ऑनलाइन रेक्टिफिकेशन (दुरुस्तीचा अर्ज) परत परत टाकणं. लोक चार चार वेळा ‘रीप्रोसेस’ दाबतात आणि चारही वेळा तेच इंटिमेशन परत येतं, कारण कॉम्प्युटर परत २६एएस बघतो आणि तिथे काही बदललेलं नसतं. २६एएस मध्ये रक्कम दिसत असूनही क्रेडिट दिलं नसेल तेव्हाच त्याचा उपयोग. पोर्टलवर पेंडिंग ॲक्शन्समध्ये ‘रिस्पॉन्स टू आउटस्टँडिंग डिमांड’ आहे, तिथे जाऊन डिमांड मान्य नाही असं नोंदवा, कारण लिहा, स्लिपा जोडा. एवढ्याने डिमांड जात नाही, पण तुम्ही गप्प बसला नव्हता हे रेकॉर्डवर येतं.

मग एओ. आधी तो कोण ते पोर्टलवर ‘नो युवर एओ’ मध्ये पॅन टाकून बघा, कारण पॅन काढताना जो पत्ता दिला तिथला अधिकारी अजून चालू असतो, पुण्यात राहणाऱ्याची फाइल लातूरच्या वॉर्डात निघाली असं सर्रास होतं. त्या ऑफिसला लेखी अर्ज. अर्जात तीन मागण्या वेगवेगळ्या लिहा, एक, कलम २०५ नुसार या डिमांडची वसुली करू नये आणि सिस्टीममध्ये तसं नोंदवावं, दोन, वळते केलेले ११,७०० परत द्यावेत, तीन, टॅनच्या टीडीएस ऑफिसरला कळवून कंपनीवर कारवाई व्हावी. ‘कृपया न्याय मिळावा’ छाप अर्ज लिहू नका, त्यावर साहेबाला काय करायचं ते कळत नाही. सोबत बारा महिन्यांच्या स्लिपा, बँक स्टेटमेंट, नेमणूकपत्र, इंटिमेशन, २६एएस, बोर्डाची दोन्ही पत्रं आणि मुंबई हायकोर्टाच्या निकालाची प्रत.

यात तुमचा सगळ्यात जोरदार पुरावा कुठला माहितीये? त्याच वर्षाचं ते अर्धवट २६एएस. त्यातल्या एप्रिल ते सप्टेंबरच्या ओळी बघा, कंपनीचा टॅन, कलम १९२, दर महिन्याला ६,४००, आणि स्टेटसला ‘एफ’ म्हणजे फायनल. आता एक साधा तक्ता करा, बारा ओळी, प्रत्येक ओळीत स्लिपवरचा ढोबळ पगार, कापलेला टीडीएस, बँकेत आलेली निव्वळ रक्कम आणि २६एएस मधली नोंद. पहिल्या सहा ओळींत सगळं जुळतं, पुढच्या सहांत पगार तोच, कापलेले ६,४०० तेच, बँकेत आलेले पैसे तेच, फक्त शेवटचा रकाना रिकामा. कर कापला गेला हे त्या एका पानावर दिसतं, अधिकाऱ्याला स्लिपा चाळायची गरज पडत नाही. स्लिपा खोट्या बनवता येतात हे त्यालाही माहीत असतं, बँकेची नोंद आणि खात्याचंच रेकॉर्ड एकमेकांना साक्ष देतायत म्हटल्यावर त्याला सही करायला आधार मिळतो.

अर्ज हातोहात द्या, आयकर सेवा केंद्रात इनवर्ड करून शिक्क्याची पोच घ्या, आणि तोच ईमेलने आणि पोर्टलवरच्या ई-निवारण या तक्रारींच्या विभागातही टाका. अधिकाऱ्याची दर काही वर्षांनी बदली होते, नव्याला जुन्याने तोंडी काय सांगितलं त्याच्याशी घेणंदेणं नसतं, तिथे शिक्काच बोलतो.

रिफंड वळता करायच्या आधी कलम २४५ ची एक सूचना येते, तुम्हालाही आली असणार, बहुतेक ईमेलच्या गर्दीत गेली. तिला उत्तर द्यायला सध्या २१ दिवस मिळतात, गप्प राहिलात की पैसे वळते. पुढच्या वेळी ती आली की लगेच ‘मान्य नाही’ टाका आणि एओकडच्या अर्जाची पोच जोडा.

टीडीएस ऑफिसरला वेगळं पत्र लिहा, कंपनीचं नाव, टॅन (जुन्या स्लिपवर किंवा २६एएस वर मिळेल), डायरेक्टर कोण होते. कापून न भरणं हा साधा उशीर धरत नाहीत, कलम २७६बी खाली तो गुन्हा आहे आणि खटला भरता येतो, आणि अशा नोटिशीनंतर ‘बंद’ कंपनीचे मालक अचानक फोन उचलायला लागतात हे मी पाहिलंय. कंपनी दिवाळखोरीत एनसीएलटीकडे (राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरण) गेली असेल तर मात्र ही वाट लांबते. काही असो, कंपनीकडून वसुली होईपर्यंत तुम्ही थांबायचं असा नियम नाही, तुमचा २०५ चा हक्क त्यावर टांगलेला नाही.

अधिकाऱ्याची बाजूही सांगतो, नाहीतर तुम्ही चिडून जाल आणि काम बिघडवाल. प्रत्येक रेंजला (काही वॉर्डांचा मिळून गट) थकबाकी वसुलीचं टार्गेट असतं, जानेवारीनंतर त्याचा दट्ट्या वाढतो, आणि त्याच्या यादीत तुमचे ४३,४०० ‘येणे’ म्हणून दिसतात. ते कागदावर कमी करायला त्याला कारण आणि कव्हर लागतं, उद्या ऑडिटने विचारलं तर दाखवायला. चोर सोडून संन्याशाला फाशी हे तुम्हाला वाटतं तसं त्यालाही कधी कधी वाटतं, पण लेखी आधार नसताना तो हात घालणार नाही. म्हणून मार्चमध्ये जाऊन खेटे घालू नका, मे-जूनमध्ये जा, माणूस बोलायच्या मनःस्थितीत असतो. आणि ‘आत ओळख आहे’ म्हणणाऱ्यांपासून लांब रहा, या कामाला ओळख लागत नाही आणि तक्ता नीट नसेल तर ओळख असूनही होत नाही.

इतकं करूनही हालचाल नाही झाली तर प्रधान आयकर आयुक्तांकडे अर्ज, आणि शेवटी राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खाली हायकोर्टात रिट. वर सांगितलेले निकाल असेच मिळालेत. पण ४३ हजारांसाठी रिट करायची का हा पैशाचा प्रश्न आहे, वकिलाची फी त्याहून जास्त जाऊ शकते. त्याच कंपनीतले दहा-बारा जण अडकले असतील, आणि असतीलच, तर एकत्र या, खर्चही वाटला जातो आणि कंपनीने सगळ्यांचं कापलंय हे आपोआप दिसतं. इंटिमेशनविरुद्ध अपीलही करता येतं, मुदत ३० दिवसांची, तुमची कधीच उलटून गेलीय, उशीर माफ करायचा अर्ज जोडावा लागेल. कलम १५४ च्या दुरुस्तीला (रेक्टिफिकेशन) मात्र वेळ आहे, इंटिमेशन नोव्हेंबर २०२३ चं म्हणजे ३१ मार्च २०२८ पर्यंत.

काही जण सल्ला देतील की रिटर्नमध्ये हातात आलेला पगारच दाखवायचा होता, म्हणजे भानगडच नको. हे करू नका. कलम १९८ प्रमाणे कापलेला कर हेही तुमचं उत्पन्नच आहे, तुम्ही पूर्ण पगार दाखवलात म्हणूनच आज २०५ मागायला तोंड आहे. आणि कोणी म्हणेल भरून टाक, कटकट मिटव. रक्कम दोन-तीन हजारांची असती तर मीही कदाचित हेच म्हटलं असतं, पण ४३ हजार, वर चढतं व्याज आणि दरवर्षी रिफंड अडकणार, यात अर्ज करणं परवडतं. घरकर्जासाठी लगेच डिमांड शून्य दाखवायची घाई असेल तर गोष्ट वेगळी, तो हिशोब तुमचा.

एक छोटी सूचना, १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा २०२५ लागू आहे आणि त्यात कलमांचे नंबर सगळे बदललेत, त्यामुळे कोणी २०५ आता नाहीच असं म्हणालं तर गोंधळू नका. तुमचं वर्ष जुन्या कायद्याखालचं आहे, अर्जात १९६१ च्या कायद्याचीच कलमं लिहा. आणि या काळात डिमांडच्या नावाने येणाऱ्या प्रत्येक ईमेलवर क्लिक करू नका. ऑक्टोबर २०१९ पासून खात्याच्या पत्रावर डीआयएन नंबर (त्या पत्राचा स्वतंत्र ओळख क्रमांक) असतो, तो पोर्टलवर टाकून पत्र खरं आहे का बघता येतं, आणि ओटीपी तर खातं फोनवर किंवा ईमेलने कधीच मागत नाही.

आता तुम्ही एवढंच करा, २६एएस परत डाउनलोड करा आणि ऑक्टोबर ते मार्चला खरंच काहीच ओळ नाहीये का, की ओळ आहे पण स्टेटसला ‘यू’ आहे ते बघून इथे सांगा. ‘यू’ असेल तर कंपनीने विवरणपत्रात तुमचं नाव टाकलंय आणि पैशाची नोंद जुळलेली नाही, म्हणजे कर कापल्याची कबुली तिने स्वतःच दिलीय, आणि मग अर्जाचा पहिला परिच्छेद आपल्याला वेगळा लिहावा लागेल.